कडता

हळदीच्या पेढीवर बसून मी स्पॅनिश शिकले
हे यार्डात अजून कुणाला खरं वाटत नाही.
कानात ग्वादालाहाराच्या ओफेलियाबाई,
समोर राजापुरी हळदीची रास,
आणि वहीत प्रत्येक शब्दाशेजारी
माझ्याच बोटाचा पिवळा ठसा.

तिसऱ्या धड्याला मिळाला : आओरीता.
आओरा म्हणजे आत्ता.
मागं ईता लावलं की तो लाडका, बारका होतो,
म्हणजे आत्ताचं काय,
आत्तुलं?
मी हसले. बाईही हसल्या,
कारण मला अजून ठाऊक नव्हतं
की शब्द बारका केला की वेळ फुगतो.

वेराक्रूझचा व्यापारी म्हणाला, पैसे आओरीता.
मी बँकेचा मेसेज येईल म्हणून फोन उलटासुद्धा ठेवला नाही.
चहा आला, गेला.
हमालांची जेवणं झाली.
चैत्र संपला.
बाईंना विचारलं तर त्यांचा उलटा प्रश्न :
त्यानं 'री' केवढी लांबवली?
लांब 'री' म्हणजे बघू, देवाच्या मनात आलं तर.
आखूड म्हणजे उठलोच खुर्चीवरनं.
पोन्सेचा माणूस मात्र म्हणतो तेव्हा
त्याचा सरळ अर्थ, नंतर.
आणि काराकासहून चौकशी करणारी ती पोरगी
म्हणते तेव्हा
या घटकेला, श्वास सोडायच्या आत.

रात्री आप्पांना सांगितलं.
पायगोंडा तोलाईदार, चाळीस वर्षं काट्यापाशी उभे.
भाकरी मोडत म्हणाले,
"मग त्यात काय? कडता धरायचा.
माल पोत्यासकट तोलतोय आपण,
मागनं बारदानाचं वजन वजा करतोय.
शब्द बी बारदानातनंच येतोय की गं.
कुठल्या गावचं हाय, ओलं का वाळलेलं,
तेवढं हातानं चाचपून बघायचं."

तेव्हापासनं मी आमचंच बारदान चाचपत असते.
साताऱ्याकडचा ट्रकवाला 'आत्ता पोचतोय' म्हणतो
आणि मागनं ऐकू येतात
तासवड्याच्या टोलनाक्यावरची भांडणं.
'आत्ता गं बया' यात तर वेळच नाही,
नुसता कपाळावरचा हात.
'आत्ताच गेला' म्हणजे गेलेला,
'आत्ताच येतो' म्हणजे न आलेला,
दोन्हीकडं तोच च, तोच ठसका.

पुराच्या साली भोंग्यावरनं सांगत होते,
पाणी आत्ता उतरेल.
आयर्विनच्या पुलाचे फूट
आम्ही गच्चीवरनं एकमेकांना ओरडून सांगत होतो.
तो आत्ता सहा दिवस लांब होता,
जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत ओला.

वेराक्रूझचे पैसे आले शेवटी.
आषाढात. पूर्ण. वर एक दिलगिरी,
तीही बारकी करून पाठवलेली.

त्या दिवशी मी मिरजेत होते, दवाखान्यात.
आप्पांनी मास्क बाजूला करून विचारलं, घरी कधी?
डॉक्टर फायलीत बघत म्हणाले, आत्ता सोडू की.
आप्पांनी माझ्याकडं पाहिलं.
चादरीखाली माझा हात शोधला,
जुन्या काळी रुमालाखाली सौदा करायचे तसा,
आणि दोन बोटं दाबली.
दोन दिवस, दोन महिने,
का डॉक्टरांच्या शब्दात दोन किलो कडता,
विचारायचं धाडस झालं नाही.
रुमालाखालचं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

"कधी गं?" त्यांनी परत विचारलं.

आत्ता, मी म्हणाले.
'त्ता' होता होईल तेवढा
आखूड ठेवला.