मंगळवारचा घाणा

धनतेरसला भट्ट्या दुपारीच विझल्या.
सांवेर रोडवर इतकं शांत
की पंख्याची कुरकुर ऐकू आली.

सेठजींनी एकेकीला नावाने बोलावलं.
मला म्हणाले, शकुंतला.
शकुंतला होळीलाच सोडून गेली,
मी सरोजिनी बिडवई.
हात पुढे केलाच.

पाकिटात अकराशे, वर चिकटवलेला रुपया,
आणि डबा: अर्धा किलो लवंगी शेव.

रिक्षात डब्याकडे नीट पाहिलं.
चिकटपट्टी डावीकडे तिरकी.
अशी मीच लावते,
अंगठा भाजल्यापासून.

म्हणजे मंगळवारचा घाणा.
त्या दिवशी खुमानसिंग झाऱ्यावर होता,
मीठ जास्त पडलं म्हणून
सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेली त्याने.

पट्टी सोलली, चिमूटभर तोंडात टाकली.
मीठ बरोबर होतं.
लवंग तर अशी, की घशात उतरेपर्यंत
मी सुखलिया ओलांडून पुढे गेले,
उतरायचं राहिलं.

रुपया पोरीने काढून घेतला, डिंकासकट.

रात्री फोन लावला.
“मंगलवारवाली सेव अच्छी बनी थी, भैया.”
त्याच्याकडे लवंग्यांची माळ लागलेली.
“क्या? ज़रा ज़ोर से बोलो.”

मी गॅलरीत गेले
आणि पुन्हा सांगितलं,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.