वीस टक्के

मी थांबलो होतो.
हे वाक्य आजवर नऊ जणांना सांगून झालं,
त्यातल्या चौघांना दोनदा.
डुलुथ गाव, टेकडीवरचा चौक, लाल दिवा,
सकाळचे आठ दहा, उणे एकोणीस,
मागच्या सीटवर हत्यारांची पेटी
आणि मी थांबलेला.

पिकअप मागून आला. आवाज खर्जातला.
(माझा धंदाच पियानो लावायचा, म्हणून सांगतो.)
आधी पत्रा, मग काच, मग अर्धा क्षण काहीच नाही,
आणि मग डिकीचं झाकण
आपसूक वर उठलं, कुणाला सलाम करावा तसं.

पोरगा उतरला. टोपी नाही, मोजे नाहीत.
"चूक माझी," म्हणाला. "चूक माझी."
दात वाजत होते. मी गळ्यातला मफलर त्याला दिला.
क्लेममध्ये मफलर धरलेला नाही.

मग फोन.
आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,
आणि त्यामागे पियानोची एकच धून, फिरून फिरून तीच,
आणि तिच्यात मधला एक गंधार उतरलेला.
दर वेळी त्या जागी आलं
की माझा उजवा हात हवेत किल्ली फिरवतो.
ब्रँडीला सांगितलं. ती म्हणाली,
ही तक्रार आमच्या विभागात येत नाही.

निस्कानेन. वर्नर निस्कानेन.
एन, नोव्हेंबरमधला. आय. एस.
नाही बाई, एफ नाही. एस, सप्टेंबरमधला.
नाव पुरं होईस्तोवर
डिसेंबर संपला, जानेवारी संपला,
ब्रँडी नोकरी सोडून गेली,
आणि नवीन बाईंनी विचारलं, स्पेलिंग सांगता?

गाडीची किंमत ठरवणारा गृहस्थ फिनिक्सला बसतो.
त्याने गाडी पाहिली नाही, फोटो पाहिले; तेही सहातले चार.
उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे.
याच्याकडे वाळवंट होतं, उंटसुद्धा नव्हता.

तोवर मी पेटी घेऊन बसने फिरलो.
बर्फात सतरा किलो. खांद्याला आता
तिच्या पट्ट्याची खाच आहे. तिलाही कोणी धरलेलं नाही.

मग पत्र आलं.
दोषाचे प्रमाण: त्यांचा ऐंशी, आपला वीस.
फोन केला. "माझे वीस कुठले हो?"
कागद चाळल्याचा आवाज.
"अहवालानुसार आपण अचानक थांबलात."
लाल दिवा अचानकच लागतो, बाई.
"आणि शिवाय," ती जरा हळू बोलली, "आपण तिथे होतात."
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मार्चमध्ये प्रॉक्टरच्या चर्चचा पियानो लावायला गेलो.
तळघरात एक पोरगा खुर्च्या रचत होता.
गळ्यात माझा मफलर.
मला बघून कानापर्यंत लाल झाला.
"मला बोलायला मनाई आहे," म्हणाला. "कंपनीची.
माफीसुद्धा मागायची नाही. तसं लेखी आहे."

मी त्याला काही बोललो नाही.
पियानोला बोललो, पण त्याला ऐकू जाईल असं.
म्हटलं, हे बघ,
शुद्ध पंचमावर शुद्ध पंचम, असे बारा लावत गेलं
तर शेवटचा पहिल्याला येऊन मिळत नाही.
एवढीशी फट राहते.
कोणाची चूक नाही, आकड्यांचा स्वभाव तो.
मग ती फट बाराही जणांत वाटायची,
प्रत्येकाने केसभर उतरायचं,
आणि मग वाजवणाऱ्याला कळतही नाही.
चाळीस वर्षं मी हेच करतो.
वाटणीचं मला काही सांगू नका.
पण त्यातला एकही पंचम
लाल दिव्यापाशी उभा नसतो.

खुर्च्यांचा आवाज थांबला होता.
मग परत सुरू झाला, पूर्वीपेक्षा हळू.
मफलर त्याने दिला नाही, मीही मागितला नाही.
अजून थंडी होती.

सोमवारी पुन्हा फोन लावायचाय.
धून सुरू होईल,
आणि तो गंधार.
कोणी सांगितलं तर फुकट लावून देईन.