मालाला हवा

सावद्याहून केळी भरली की
मी आधी ताडपत्री मागून वीतभर उघडी ठेवतो.
कच्चा घड श्वास घेतो, वस्तादानं शिकवलेलं.
कोंडलास तर दिल्लीपर्यंत आतल्या आत पिकेल,
उतरवताना हातात नुसता चिखल.
बावीस वर्षं तेवढी खिडकी मी विसरलो नाही.

माझा श्वास कोण बघणार होतं.

निंभोऱ्याच्या रेल्वे फाटकात गाडी उभी.
मालगाडी आली, गेली, फाटक उघडलं,
मागे हॉर्नचा बाजार भरला
आणि मी स्टिअरिंगवर गाल टेकून.
मुराद सांगतो, मी झोपेतच गिअर टाकला होता.
पाय क्लचवर होता, म्हणून.

जळगावला डॉक्टरबाईंनी विचारलं, घोरता का?
म्हटलं, ढाब्यावरची कुत्रीसुद्धा
माझ्या केबिनखाली झोपत नाहीत.
त्या हसल्या नाहीत.
टेपनं गळा मोजला, शिंप्याकडे मोजतात तसा.
मग रात्रभर डोक्याला, छातीला, बोटाला वायरी,
मी पडलेलो, वायरिंग उघडलेल्या गाडीसारखा.

सकाळी कागद आला.
तासाला अडतीस वेळा श्वास बंद.
सगळ्यात लांबचा, एकसष्ट सेकंद.
पुढचं त्या समजावत होत्या,
मी हिशोब करत बसलो.
साठचा स्पीड धरला तर एकसष्ट सेकंदांत
एक किलोमीटर, वर सतरा मीटर.
सतरा मीटर म्हणजे माझी गाडी
आणि पुढं एक बैलगाडी.
हे झोपेतलं आहे, गाडीतलं नव्हे, बाई म्हणाल्या.
म्हटलं, बाई, माझी झोप कुठं संपते आणि गाडी कुठं सुरू होते
ते मलाच दिसलं नाही अजून.

बेबी रात्री पायानं ढोसायची.
मला वाटायचं, वैतागते.
कागद वाचून दाखवला तेव्हा म्हणाली,
मी धक्का मारून चालू करायची तुम्हाला.

शेठ म्हणाले, कागद घरी ठेव, बोभाटा नको.
मशीन घे, पगारातून कापू.
बाई म्हणाल्या, महिनाभर गाडी नाही.
मी बाईंचं ऐकलं.
महिनाभर सावद्यात हजेरीवर घड मोजत बसलो,
बोटांना डिंक, आणि दुपारी चार वाजता
पहिल्यांदाच डोळे जड नाहीत,
त्याचीच भीती वाटली जरा.

मशीन म्हणजे डब्याएवढं खोकं, एक नळी, नाकावर रबर.
पहिल्या आठवड्यात तीनदा उपटून फेकलं.
चालत्या गाडीतून तोंड बाहेर काढावं
तसा वारा आत घुसतो, विचारत नाही.
ढाब्यावर पोरं म्हणाली, पायलट आला रे, पायलट.
एकानं सोंड म्हटलं.
भुसावळच्या वायरमननं गाडीच्या बॅटरीवर
इन्व्हर्टर बसवून दिला,
पैसे घेताना हळूच विचारलं,
माझा भाऊपण घोरतो, कुठल्या डॉक्टर?

पहिली खेप. बऱ्हाणपूरच्या पुढं गाडी लावली.
मागे दोनशे क्विंटल केळी,
पुढं मी, तोंडाला नळी.
तीनच्या सुमाराला डोळ्यांवर बॅटरीचा उजेड.
सुपडू भो! ओ सुपडू भो!
मुराद, घामानं भिजलेला.
काय झालं रे?
तू घोरू नाही ऱ्हायला.
मले वाटलं, गेला.

नऊ वर्षं तो माझ्या घोरण्यावर झोपला होता,
पाळण्यात झोपावं तसा.
मी रबराच्या आत हसलो, मशीननं हवा सोडली, फुस्स.
तो दचकला, मग तोही हसला.
पण त्याला झोप येईना.

थोड्या वेळानं दार वाजलं.
तो खाली उतरून मागे जाऊन आला.
म्हणाला, उघडी हाये वीतभर.
झोप.