एकोणचाळीस

यल्लू चुकायचा ते नेमकं एकाच ठिकाणी.
मी म्हणायचे एकोणतीस,
तो पाटीवर लिहायचा ३९.
एकोणसाठ म्हटलं की ६९.
पुन्हा लिही म्हटलं
की थुंकीनं पुसून पुन्हा तेच,
जरा मोठं.

हजेरीत त्याच्या नावापुढं आधीच्या गुरुजींची
लाल शाई: गणितात मंद.

निपाणीच्या या गल्लीत
तंबाखूचा वास खडूलाही लागतो.
मुलं शिंकत शिंकत पाढे म्हणतात,
सात सक बेचाळीस, आक्छी,
साती साती एकोणपन्नास,
आणि पन्नासाजवळ आलं की
यल्लूचे ओठ नुसतेच हलतात.

एकदा त्याच्या घरी गेले.
शांतव्वाच्या मांडीवर सूप, सुपात पानं,
बोटं अशी चाललेली की बघताना आपणच दमावं.
यल्लू कोपऱ्यात कट्टे बांधत होता,
तोंडानं मोजत,
इप्पत्तमूरु, इप्पत्तनाल्कु, इप्पत्तैदु,
गाठ.
मी विचारलं, सहा कट्ट्यांच्या विड्या किती?
वर न बघता म्हणाला, दीडशे.
सोळा कट्ट्यांच्या?
चारशे की वो बाई. चार कट्ट्याला शंभर.

त्या रात्री अंथरुणात
मी दोन्ही भाषांतले आकडे हलक्यानं म्हणून पाहिले.
कन्नड आधी विसाची गाठ हातात देते,
मग वरच्या सुट्या नऊ: इप्पत्तोंबत्तु.
माझी मराठी
तिसाच्या दारापर्यंत नेते
आणि उंबऱ्यावरून एक पाऊल मागं घ्यायला लावते.
एकोण. एक ऊन. एक कमी.
चाळीस वर्षं तोंडात असलेला शब्द,
मी कधी फोडून पाहिला नव्हता.

सकाळी खराट्याच्या काड्या, सुतळी.
दहाचा एक कट्टा.
यल्लूची तक्रार: कट्टा पंचवीसचा असतो.
म्हटलं, हा शाळेचा कट्टा आहे, गरीब आहे.
तीन बांध.
आता त्यातली एक काडी मला दे.
त्याला एक गाठ सोडावी लागली.
सोडताना तोंड असं केलं
जणू आईचं काम उसवतोय.
किती उरल्या?
इप्पत्तोंबत्तु.
आणि मराठीत?
एकोण, म्हणाला, आणि थांबला.
माझ्या बंद मुठीकडं बघत राहिला.
बाई, ती एक तुमच्याकडं हाय.

हेडमास्तर दारात उभे होते.
मराठी शाळेत कन्नड आकडे?
बाहेर दुकानांच्या पाट्यांवरनं डोकी फुटतात, बाई.
मी म्हटलं, सर,
हातचा धरताना पोरगं मनात काय म्हणतं
ते कुणी तपासत नाही.
ते काही बोलले नाहीत.
आत येऊन खिडकी तेवढी लावून घेतली.

मग एका शनिवारी शांतव्वा आली,
हातात वखारीची वही,
चपला वर्गाबाहेर काढून.
कारकुनानं कट्टे मोजले,
छाट बाजूला काढली,
वहीत लिहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, एकोणचाळीस.
घरनं मोजून नेलेले चाळीस.
यल्लू तिथंच उभा.
म्हणाला, ती एक कुणाकडं हाय?
कारकून हसला.
मागच्या बायका हसल्या नाहीत.
पोरगं जागचं हललं नाही, बाई,
त्याच्या मुठीकडंच बघत हुतं.

मिळाला मग कट्टा?
न्हाई, ती म्हणाली.
पण ह्या हप्त्याला त्यानं दोनदा मोजलं.

परवा यल्लूनं एकोणसत्तर
पुन्हा ७९ लिहिलं.
मी पाटी तशीच परत केली.
त्यानं आधी काड्यांकडं पाहिलं, मग छताकडं,
मग हात पुढं करून म्हणाला,
मूठ उघडा.