सावलीवरचा लिफ्टर

इंदल चव्हाण चेंडूकडे बघत नाही.
हे आधीच सांगून टाकतो, कारण पानठेल्यावर
सारा वाद तिथूनच सुटतो.

उंची पाच फूट सात. डाव्या हाताची करंगळी
जिनिंगच्या पट्ट्यात गेली होती, वाकडीच जुळली.
लिफ्ट करताना तोंड भलतीकडे,
जसं कोणी मागून उधारी मागतंय
आणि याला ऐकू यायचं नाहीये.

आमचं मैदान म्हणजे शाळेमागचा मुरूम.
जाळी भोयांकडून आणलेली, मासळीचा वास न गेलेली.
खेळ साडेपाचला, वावरातून सगळे आल्यावर,
तेव्हा ऊन पळसाच्या खालून सरळ डोळ्यांत.
वर बघितलं की आंधळा.
म्हणून हा सूर्याकडे पाठ करून उभा राहायला लागला.
पासची सावली मुरमावरून घरंगळत यायची,
याची सावली हात वर करून लांब पडलेली,
आणि सावलीच्या हातात सावली आली
की खऱ्या हातात चेंडू असायचाच.

तो कुठं जाणार, समोरच्यांना कळायचं नाही.
मलाही नाही. मी नुसती उडी मारायचो.
वर पोचलो की चेंडू आधीच तिथं,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून
जागा धरून ठेवावी तसा.

बोबडे सर पहिलं वर्ष ओरडले, "अबे, वर पाह्य ना!"
दुसऱ्या वर्षी गप्प बसले.
तिसऱ्या वर्षी दिग्रस कॉलेजचे सामने
चारनंतरच ठेवा म्हणून अर्ज करू लागले.

मग लीगचा माणूस आला. पांढरे बूट, हातात टॅब.
दोन सेट पाहून म्हणाला, सेटर वेगळा आहे.
(आम्ही लिफ्टर म्हणतो.)
हैदराबादला या. चाचणी बंदिस्त स्टेडियममध्ये.

बंदिस्त.
पानठेल्यावर त्या एका शब्दावर आठ दिवस गेले.
वानखडे म्हणे, "तिकडं साडेसहा फुटाचे पोट्टे,
ह्याले चिलटावानी उडवतीन."
गजू म्हणे, "ज्याले इथं जमलं त्याले कुठंबी जमते."
मी चुना मळत राहिलो.
मला ठाऊक होतं, प्रश्न उंचीचा नाही.
तिथं सूर्यच नाही.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मंडपवाल्याकडून
चार हॅलोजन आणले, चार बांबूंना बांधले,
रात्री नऊला, वीज असेल तेव्हा.
पहिल्या रात्री इंदल मधोमध उभा राहिला
आणि त्याच्या पायांतून चार इंदल निघाले,
फिके, चार दिशांना, चौघांचेही हात वर.
मी चेंडू टाकला. चार चेंडू आले.
तो कुठल्याच इंदलला सापडला नाही.
कानावर बसला.

चाळीस पास टाकले, चाळीस वाया.
तो हसला नाही, चिडला नाही, मुरमात बसून
बूट काढून खडा झटकत राहिला, खडा नव्हताच.

पाचव्या रात्री म्हणाला,
"चारी खऱ्याच हायेत रे. मी सगळ्यायले पाह्यतो, तिथं चुकतो.
एक धराची. बाकीच्या तिघी कोनाच्या का असंनात."
त्या रात्री चाळिसात तेरा.
नवव्या रात्री एकोणीस. मग वीज गेली,
आणि अंधारातही एक चेंडू त्यानं लिफ्ट केला,
पण तो मी पाहिलेला नाही, नुसता आवाज ऐकला,
म्हणून मोजत नाही.

चाळिसात एकोणीस.
हिशेब बोबडे सरांना सांगितला तर ते म्हणाले,
"कॉलेजले पुरते." पुढचं बोलले नाहीत,
खिशातून पाचशेची नोट काढून माझ्या हातात कोंबली,
"त्याले बूट घेऊन दे."

विचारतात लोक मला, तू तर खेळलास त्याच्यासोबत,
टिकेल का?
मी दहा वर्षं फक्त उडी मारली आहे, बाप्पा.
चेंडू कुठून येतो हे मला कधी माहीत नव्हतं.

काल रात्री त्याचा फोन. चाचणी सकाळी.
हॉल रिकामा होता, घुमत होता आवाज.
"छताले दिवे बत्तीस," म्हणाला.
मी काही बोललो नाही.
"कोपऱ्यातला एक पिवळा हाये जरासा,"
तो म्हणाला. "तोच धरतो."