चार दिवसांच्या शेंगा

इनासने योकोहामाहून आणले बारा दाणे,
सिगारेटच्या चांदीत गुंडाळून.
जहाजावरचा कुक तो. म्हणाला,
"हिरवे असताना काढ हां, बाय.
चार दिवस मिळतात. पाचव्या दिवशी संपलं."

भात कापून झाल्यावर पेरले,
आगरवाड्यात, परसात, अळसांद्यांच्या शेजारी.
नऊ उगवले. एक कोंबडीने टिपला.
दिवस तोकडे, रोपंही तोकडी,
गुडघ्याला लागण्याआधीच फुलून मोकळी.
शेंगा मात्र लवदार,
वासराच्या कानासारख्या.

पहिल्या दिवशी सहा उकडल्या
मिठागरातल्या जाड्या मिठात.
दातांनी दाबली की दाणा
सटकन जिभेवर,
आणि ओठांवर सालीचं मीठ.
बाकीच्या झाडावरच ठेवल्या.
बुधवारी त्याची बोट मुरगावला लागणार होती.

बुधवारी फोन आला, कोलंबोहून.
मी रोज संध्याकाळी शेंगा चाचपायची,
ताप आलेल्या पोराची मान चाचपावी तशी.
पाचवा दिवस. नववा.
मग मोजायचं सोडलं.
पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या,
वाऱ्याने खुळखुळू लागल्या.

तो आला शिगम्याच्या तोंडावर.
भिजवलेले दाणे, थोडे अळसांदे,
भाजलेलं खोबरं: तोणाक केलं.
पावाने वाटी पुसून खाल्ली त्याने.
"अळसांदे बरे झालेत गो यंदा."

मी आणखी एक पाव पुढे केला.

भुंगा न लागलेले दाणे डब्यात आहेत.
रात्री मोजले.
अकरा.