गिरमिट

वाटणीच्या यादीत गिरमिट तुझ्या बाबाच्या रकान्यात होतं.
कॉफीचं यंत्र माझं, स्लेज तुझी,
आणि तू —
तुझ्यासाठी वकीलबाईंनी वेगळा कागद केला होता :
एक आठवडा इकडे, एक तिकडे,
रविवारी पाच वाजता, पेट्रोल पंपाच्या मागे.

बाबा गिरमिट न्यायला विसरला.
शेडमध्ये ते तसंच टांगलेलं, पाती पेपरात गुंडाळलेली.

आज सकाळी तुझा एकच हातमोजा सापडला.
म्हटलं, "ओइवा, दुसरा कुठाय?"
एवढंच.
तेवढ्यावर तू बूट फेकलास. मग दुसरा बूट.
"तिकडे आहे! सगळं तिकडेच असतं!
आणि तिकडे असलो की सगळं इकडे!"
मग दाराला लाथ,
आणि मला एक शब्द. आठ वर्षांच्या पोराकडे
तो कुठून आला, हे मी विचारलं नाही.
आमच्या भिंती पातळ होत्या.

पुस्तकात लिहिलंय, मुलाला दहा आकडे मोजायला लावा.
दहापर्यंत तू मोजलेस.
अकराला पुन्हा पेटलास.

मला मासे धरता येत नाहीत.
तरी गिरमिट खांद्यावर घेतलं. म्हटलं, चल.
कल्लावेसी तळ्यावर मार्चचं ऊन, डोळ्यांना टोचणारं,
पायाखाली हातभर बर्फ,
लांब कुणी म्हातारा स्टुलावर, पाठमोरा.
"इथे भोक पाड."
"कशाला?"
"माहीत नाही."
हे उत्तर तुला पटलं बहुतेक.

पहिल्या भोकाला तू अख्खा लटकलास गिरमिटाला.
चुरा वर येत राहिला, आधी साखरेसारखा, मग राखी, मग ओला,
आणि एकदम हात पोकळ गेला,
भसकन पाणी वर आलं, काळं.
तू म्हणालास, "अजून."

दुसरं. तिसरं. कोट काढून भिरकावलास.
चौथ्याला बाबाचं नाव घेतलंस, पाचव्याला माझं,
सातव्यात तोंड घालून ओरडलास —
काय, ते मला नीट ऐकू आलं नाही,
ते तळ्यालाच सांगायचं होतं.
म्हाताऱ्यानं मान वळवली, आणि पुन्हा सरळ केली.
मी "पुरे" म्हटलं नाही. "शाब्बास"ही नाही.

अकराव्यानंतर बसकण मारलीस. नाक वाहत होतं.
"रात्रीतून बुजेल हे?"
"बुजेल."
"पूर्ण?"
हो म्हणणं सोपं होतं.
"वरून दिसणार नाही. पण इथला बर्फ
बरेच दिवस कच्चा राहील.
म्हणून भोकापाशी डहाळी रोवतात,
अंधारात येणाऱ्याचा पाय पडू नये."

तू खूप वेळ पाण्याकडे पाहिलंस.
मग काठावर जाऊन स्प्रूसच्या डहाळ्या मोडून आणल्यास,
एक हात तुझ्या मोज्यात, एक माझ्या ढगळ मोज्यात.
अकरा भोकं, बारा डहाळ्या.
सातव्यापाशी दोन रोवल्यास.

परतताना माझ्या सीटला मागून लाथ मारलीसच.
हळू. मग पुन्हा एकदा, तितकी हळू नाही.
पुलावर विचारलंस,
"रविवारी हे बाबाकडे जाणार?"
"त्याचंच आहे ते."
"मग पाती नीट गुंडाळ," म्हणालास,
"धार आहे तिला. मी धरतो."